शेजारचे संघ आणि मोजके गुणवंत

बुऱ्हाणपूर नगरीला 'दख्खनचे द्वार' असे पूर्वापार म्हटले जाते. या द्वारातून फौजा गेल्या, व्यापारी आले, विणकर येथे स्थिरावले, हे आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो. आपल्या गावच्या स्थानाचे आणखी एक वैशिष्ट्य मात्र पुस्तकांत सापडत नाही. बुऱ्हाणपूरच्या मुलाने क्रिकेटच्या खेळात नाव काढले, तर तो रणजी करंडकासाठी मध्यप्रदेशाकडून खेळेल. येथून जवळच असलेल्या रावेरचा मुलगा जळगाव जिल्ह्यातला म्हणून महाराष्ट्राच्या संघात जाईल. धारणीचा मुलगा अमरावती जिल्ह्यातला आणि जळगाव-जामोदचा मुलगा बुलढाणा जिल्ह्यातला, म्हणून त्या दोघांची वाट नागपूरकडे, म्हणजे विदर्भाच्या संघाकडे वळेल. चौघांच्या घरची भाषा एक, सण एक, मैदानावरची धूळही एकाच रंगाची. पण संघ मात्र तीन. शेजारी राहणाऱ्या या संघांत गुणी खेळाडूंसाठी जी चढाओढ चालते, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम, ही चढाओढ मुळात का निर्माण होते ते पाहू. संघात जागा अकरा. त्या अकरांत सामना जिंकून देणारे दोन किंवा तीन. असा खेळाडू घडण्यास दहा-बारा वर्षांची मेहनत लागते आणि त्याच्या उमेदीचा काळही फार तर पंधरा वर्षांचा असतो. यामुळे कोणत्याही प्रदेशात एका वेळी पहिल्या प्रतीचे खेळाडू थोडेच असतात. त्या प्रदेशात संघ एक असेल तर प्रश्न उद्भवत नाही. परंतु दोन-तीन संघ असतील आणि प्रत्येकास करंडक हवा असेल, तर एकाच्या पदरात पडलेला गोलंदाज दुसऱ्याच्या पदरातून निसटलेला असतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची हकिकत अशीच आहे. अलाबामा या एकाच राज्यात अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न अशी दोन विद्यालये १८९३ पासून एकमेकांविरुद्ध खेळत आली आहेत, आणि दोघांचीही नजर राज्यातील हायस्कुलांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या त्याच मूठभर मुलांवर असते. तेथे मुलाला शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. आपल्याकडे पूर्वी दरबारची नोकरी देऊन बोलावीत. साधन निराळे असले तरी कारण एकच आहे.

आपल्या परिसरातील या चढाओढीचा सर्वांत रंगतदार अध्याय म्हणजे इंदूरचे होळकर आणि बडोद्याचे गायकवाड यांच्या संघांचा. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. प्रारंभीच्या काळात मुंबईचा संघ प्रबळ होता. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने करंडक जिंकला. त्या संघाचा आधारस्तंभ होते सांगलीचे विजय हजारे. १९३९-४० च्या मोसमात पुण्याच्या मैदानावर त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. ते ज्या संघाविरुद्ध झाले तो संघ बडोद्याचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण थोड्याच काळात हजारे बडोद्याकडून खेळू लागले. ज्याने आपल्याला धूळ चारली त्यालाच आपल्या घरी आणावे, असा हा राजेशाही व्यवहार होता. पुढे बडोद्याने १९४२-४३, १९४६-४७ आणि १९४९-५० या वर्षी करंडक मिळविला. महाराष्ट्राच्या संघाला मात्र १९४०-४१ नंतर आजतागायत एकदाही विजेतेपद लाभलेले नाही.

इकडे इंदुरात कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू होते. त्यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरास झाला. होळकर दरबारने त्यांना १९२३ मध्ये इंदुरास बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कर्णधार तेच होते. त्यांच्याभोवती होळकरांचा संघ उभा राहिला. सागर येथे जन्मलेले चंदू सरवटे महाराष्ट्र व मुंबई या संघांकडून खेळून इंदुरास आले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, महाराष्ट्र आणि होळकर या तिन्ही संघांत दिसतात. मुंबईकडून खेळलेले खंडू रांगणेकरही होळकरांच्या संघात आले. कर्नल नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू १९४२-४३ मध्ये बडोद्याच्या पहिल्या विजयाचे मोठे वाटेकरी होते. तेच दोन वर्षांनी होळकरांकडून अंतिम सामना खेळले. १९४४-४५ च्या त्या सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी १५२ षटके आणि ५ चेंडू टाकले. एका सामन्यात एकाच गोलंदाजाने ९१७ चेंडू टाकल्याचे दुसरे उदाहरण प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये नाही. याच सामन्यात होळकरांनी महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेल्या डेनिस कॉम्प्टन या विख्यात इंग्लिश फलंदाजालाही संघात घेतले, आणि त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. तरीही मुंबईच जिंकली. खेळाडू जमविले म्हणजे करंडक हाती येतोच असे नाही, हा धडा पहिल्याच अंतिम सामन्याने होळकरांना दिला.

पुढील वर्षी, १९४५-४६ मध्ये, होळकरांनी अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून पहिला करंडक जिंकला. १९४६-४७ मध्ये बडोद्याने त्याची परतफेड केली. बडोदे येथे झालेल्या त्या सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली. हजाऱ्यांच्या २८८ आणि गुल महंमद यांच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठी हा जागतिक उच्चांक होता आणि तो २००६ पर्यंत अबाधित राहिला. आता पाहा, हजारे सांगलीचे आणि गुल महंमद लाहोरचे. दोघांपैकी एकही बडोद्याच्या मातीत जन्मलेला नव्हता. आश्रयाच्या बळावर बडोद्याने केवढे ऐश्वर्य उभे केले, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकरांचा संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे चार वेळा विजयी झाला. या यशाचे श्रेय केवळ बाहेरून आणलेल्या खेळाडूंना देणे मात्र अन्यायाचे होईल. मुश्ताक अली इंदूरचेच. बालपणी त्यांचा खेळ हेरला तो कर्नल नायडूंनी. १९३६ मध्ये मँचेस्टर येथे मुश्ताक अलींनी ११२ धावा काढल्या. परदेशात भारतीयाने काढलेले ते पहिले कसोटी शतक होय. माधवराव जगदाळेही इंदूरचेच. बाहेरून आलेला एक थोर खेळाडू गावातील मुलांना शिकवू लागला म्हणजे गावातूनही थोर खेळाडू निघतात, याचा हा पुरावा आहे. पाहुणा आणावयाचा तो असा, की त्याच्या पायगुणाने घरची मुले शहाणी व्हावीत.

परंतु राजाश्रयाच्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. ती एका तिजोरीवर आणि एका माणसाच्या आवडीवर अवलंबून होती. संस्थाने विलीन झाली आणि १९५५ मध्ये होळकरांचा संघही इतिहासजमा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले. तोपर्यंत आपला निमाड जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. या फेररचनेत नागपूर व वऱ्हाड एकीकडे गेले, निमाड दुसरीकडे राहिला. बुऱ्हाणपूरच्या खेळाडूची वाट नागपूर सोडून इंदूरकडे वळली ती तेव्हापासून. होळकरांचा वारसा नव्या मध्यप्रदेशाच्या संघाकडे आला खरा; पण त्या वारशात मैदाने, शाळांच्या स्पर्धा आणि शिक्षक यांची साखळी पुरेशी नव्हती. १९५२-५३ नंतर पुढचा करंडक इंदुरास येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. मध्ये एकोणसत्तर वर्षे गेली.

याच्या उलट मुंबईचे पाहा. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी पंधरा वर्षे मुंबईने करंडक हातचा जाऊ दिला नाही, आणि २०२३-२४ पर्यंत तिने एकूण ४२ वेळा तो जिंकला. मुंबईला कोणा महाराजाचा आश्रय नव्हता. तिच्यापाशी शाळांसाठी हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड होती, कचेऱ्यांसाठी टाइम्स शील्ड होती, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ती हॅरिस शील्डच्याच सामन्यात. एक खेळाडू गेला तर त्याच्या जागी दहा उभे राहतील, अशी ही व्यवस्था. होळकरांची विहीर खोल होती, पण मोट एकाच्या हाती होती. मुंबईचे पाणी शेकडो पाटांनी वाहत होते.

आता आजच्या स्थितीकडे वळू. महाराष्ट्र राज्य एक असले तरी रणजी करंडकात त्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. प्राचीन काळापासून चालत आलेली ही विभागणी नसून ती क्रिकेट संघटनांच्या वाटचालीतून झाली आहे. खेळाडूने एका मोसमात एकाच संघाकडून खेळावे, संघ बदलावयाचा तर आपल्या संघटनेकडून 'ना हरकत प्रमाणपत्र' घ्यावे, आणि कोणत्याही संघाने बाहेरचे पाहुणे खेळाडू मोजकेच घ्यावेत, असे आजचे दंडक आहेत. संस्थानी काळात जे दरबारी खलित्याने होत असे, ते आज या कागदाने होते.

या तीन भावंडांत विदर्भ हा सर्वांत दुर्लक्षित. १९५७-५८ पासून पुढे साठ वर्षे या संघाने अंतिम सामन्याचे तोंडही पाहिले नव्हते. नागपूरने नायडू बंधूंसारखे खेळाडू जन्मास घातले. पण त्यांची कीर्ती इंदूर व बडोद्याच्या नावे जमा झाली. अखेर विदर्भाने दोन गोष्टी एकदम केल्या. एकीकडे मुलांसाठी निवासी प्रशिक्षणाची सोय केली. दुसरीकडे मुंबईचे वसीम जाफर आणि कर्नाटकाचे गणेश सतीश यांसारख्या अनुभवी खेळाडूंना आणले आणि मुंबईचेच चंद्रकांत पंडित यांना शिक्षक म्हणून नेमले. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरविले व पहिला करंडक जिंकला. कर्णधार होता नागपूरचा फैज फजल, आणि त्रिक्रम साधून दिल्लीचा डाव कोसळविणारा गोलंदाज होता रजनीश गुरबानी. सामना झाला तो इंदूरच्या होळकर मैदानावर. पुढील वर्षीही करंडक विदर्भानेच राखला, आणि २०२४-२५ मध्ये नागपुरास केरळाविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा मिळविला.

या तिसऱ्या विजयातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे २०२४-२५ मध्ये केरळाचा पाहुणा खेळाडू होता. आपल्याच गावच्या मैदानावर तो आपल्याच जुन्या सोबत्यांविरुद्ध उतरला आणि त्याने ७९ धावा काढून झुंज दिली. विदर्भाच्या बाजूने दुसऱ्या डावात शतक काढणारा करुण नायर मूळचा कर्नाटकाचा. तेथे संघाबाहेर पडल्यावर तो नागपुरास आला होता. म्हणजे विदर्भाने एक गुणी माणूस गमावला आणि एक मिळविला. पण त्याच सामन्यात पहिल्या डावात १५३ धावा काढणारा दानिश मालेवार हा नागपूरचाच तरुण मुलगा होता. देवघेवीच्या हिशेबात बाजू बरोबरीत सुटल्या. सामना जिंकून दिला तो घरी घडविलेल्या मुलाने.

मध्यप्रदेशाचीही कथा अशीच आहे. १९९८-९९ मध्ये चंद्रकांत पंडित मध्यप्रदेशाचे कर्णधार असताना बंगळूर येथे अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हार पत्करावी लागली होती. त्याच मैदानावर २६ जून २०२२ रोजी पंडित यांच्याच मार्गदर्शनाखाली मध्यप्रदेशाने बलाढ्य मुंबईला सहा गडी राखून हरविले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके काढली. रजत पाटीदार इंदूरचा. फिरकी गोलंदाज कुमार कार्तिकेय मात्र मूळचा उत्तरप्रदेशाचा. दिल्लीत संधी मिळेना म्हणून तो मध्यप्रदेशात आला, येथे त्याच्या कष्टाचे चीज झाले आणि त्याबरोबर आपल्या संघाचेही.

आता खेळाडूच्या बाजूने विचार करू. गाव सोडून दुसऱ्या संघाकडे जाणे ही कृतघ्नता आहे काय? अनेकांस तसे वाटते. पण थोडे थांबून पाहिले पाहिजे. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईस गेला, तेथील गर्दीत त्याला जागा मिळाली नाही, बडोद्याने ती दिली. २०००-०१ मध्ये बडोद्याच्या विजयात त्याचा मोठा वाटा होता, आणि पुढे तो भारताचा प्रमुख वेगवान गोलंदाज झाला. तो मुंबईतच वाट पाहत राहिला असता तर? अमोल मुजुमदारने १९९३-९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या, पुढे हजारो धावा रचल्या, आणि तरीही त्याला एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. प्रतिपक्षाने सामना सोडून दिला नसता तर ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा तेव्हाचा उच्चांक त्यांनी खचित मोडला असता. असा फलंदाजही कसोटी न खेळताच निवृत्त झाला. जागा मोजक्या असतात त्या केवळ संघापुढचा पेच नसतात; त्या खेळाडूच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा असतात. जेथे दार उघडेल तेथे त्याने जावे, यात गैर काही नाही.

मुलींच्या क्रिकेटमध्ये ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. अनेक वर्षे राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचे वर्चस्व राहिले. कारण सरळ होते: रेल्वे नोकरी देत असे, आणि ज्या काळी महिला क्रिकेटपटूला खेळातून पोटापुरतेही मिळत नसे, त्या काळी नोकरी हाच खरा आधार होता. आता चित्र पालटत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यात सांगलीत लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना होती आणि आपल्या मध्यप्रदेशातील छतरपूर जिल्ह्यातील घुवारा या लहानशा गावची क्रांती गौड होती. त्या संघाचा शिक्षक होता अमोल मुजुमदार.

येथवरच्या विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. शेजारच्या संघांची चढाओढ वरवर पाहता एकमेकांचे खेळाडू ओढण्याची दिसते. पण त्या ओढाताणीने प्रदेशातील एकूण गुणवत्ता तसूभरही वाढत नाही. एका ताटातले दुसऱ्या ताटात, इतकेच. ती वाढते तेव्हा, जेव्हा पूर्वी कोणी न पाहिलेला मुलगा कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिसच्या चेंडूने खेळत होता आणि पोलिसात किंवा सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न करीत होता. २००८ मध्ये विदर्भाच्या संघात त्याला जागा मिळाली आणि तीन वर्षांत तो भारताकडून कसोटी खेळला. हा गोलंदाज विदर्भाने कोणाकडूनही ओढून आणला नाही. तो तेथेच होता. त्याच्याकडे पाहणारे कोणी हवे होते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावापासून इंदूर दूर आहे, आणि निवड समितीचे डोळे लहान गावांपर्यंत क्वचितच पोहोचतात. पण तुमच्यापैकी कोणी चांगला खेळत असेल आणि उद्या त्याला एखाद्या मोठ्या शहरातील संघाने बोलावले, तर त्याने व त्याच्या पालकांनी चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. तेथे खेळावयास प्रत्यक्ष मिळेल की नुसते राखीव म्हणून बसावे लागेल? शिकविणारा कोण आहे? शाळेचे शिक्षण चालू राहील काय? आणि दुखापत झाली किंवा निवड हुकली तर परतीची वाट कोणती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्या आमंत्रणाने हुरळून जाऊ नये. निंबाळकर व मुजुमदार यांच्यासारख्यांना जी जागा मिळाली नाही, ती आपल्याला मिळेलच असे गृहीत धरून पुस्तके गुंडाळून ठेवणे शहाणपणाचे नाही.

आणि जे स्वतः खेळणार नाहीत, त्यांनीही एक काम करावे. सायंकाळी मैदानावर जावे, पाहावे, आणि कोणी विशेष दिसला तर खेळाच्या शिक्षकांच्या कानावर घालावे. बोलावणे येवो न येवो, जिल्ह्याच्या सामन्याला आपल्या शाळेचा संघ वेळेवर उतरावा, गुणफलक नीट लिहिला जावा आणि धाकट्या मुलांनाही चेंडू हाताळावयास मिळावा, एवढे झाले तरी आपल्या गावाने आपला वाटा उचलला असे होईल.